कोतवालीची किल्ली

कोठडीत कुणी दगावल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की तिचे शेवटचे वाक्य मला आधीच ठाऊक असते : संबंधितांना निलंबित केले असून चौकशी सुरू आहे. परवा अशीच बातमी वाचून आमच्या शेजारचे आजोबा कडाडले, "असल्यांना भर चौकात ठेचले पाहिजे!" मी काही बोललो नाही. पण मी पडलो पुणेकर. मला एकदम घाशीराम आठवला. कारण हा उपाय पुण्याने एकदा करून पाहिला आहे.

घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडचा कनोजी ब्राह्मण. १७७७ साली नाना फडणिसांच्या कृपेने तो पुण्याचा कोतवाल झाला. कोतवाल म्हणजे नुसता पहारेकरी नव्हे. बाजारावर देखरेख, परगावच्या माणसांची नोंद, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याची धरपकड, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा आणि दंड, हे सारे त्याच्या हाती. पकडणारा तोच, न्याय करणाराही तोच! दंडाचा पैसा सरकारात भरला जाई, शहर वरवर शांत दिसे. मग विचारणार कोण? चौदा वर्षे कुणी विचारले नाही.

१७९१ च्या ऑगस्टअखेर काही तेलंगी ब्राह्मण कोतवालाच्या बागेत शिरले आणि त्यांनी फळे तोडली. चोर म्हणून त्यांना एका कोंदट खोलीत कोंडण्यात आले. बातमी कानी येताच सरदार मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडवले, तो आत प्रेतांचा खच! गुदमरून मेलेल्यांची संख्या २१ सांगतात. नानांच्या दारी जमाव लोटला. नानांनी अखेर आपला माणूस त्याच्या स्वाधीन केला. ३१ ऑगस्टला घाशीरामची धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

पुणे त्या रात्री समाधानाने झोपले असेल. पण झाले काय? घाशीराम गेला, कोतवाली राहिली. ज्यांनी त्याला नेमले, ते कारभारावर कायम राहिले. आणि खुद्द त्या अपराध्याचाही रीतसर निवाडा झाला नाहीच.

खरा उपाय फार सावकाश आला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरायचा नाही, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ठरवले. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते टिकले. अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे १९५० मध्ये आपल्या राज्यघटनेने सांगितले. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणखी बजावले : अटकेचा कागद साक्षीदारासमक्ष करा, नातलगांना कळवा, कोठडीतल्या माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा.

ऐकायला किती रुक्ष! यात धिंड नाही, जयघोष नाही. म्हणूनच एका शिपायाच्या निलंबनावर आपण खूश होतो, आणि तो कागद झाला होता का, घरी कळवले होते का, हे विचारायचे विसरतो.

आजोबांचा संताप मला खोटा वाटत नाही. त्याला वेळ तेवढी चुकीची सापडते. मानाजी फाकडे आले, पण माणसे मेल्यावर आले. चोवीस तासांचा नियम म्हणजे रोज, न बोलावता, माणूस जिवंत असतानाच कुलूप उघडायला येणारा मानाजी. तो आज आला का, एवढे विचारत राहणे हे मात्र आपले काम आहे.