गोळीने झालेला मृत्यू आणि ‘कॉरोनरची चौकशी’

कॉरोनर (अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) : वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या एका हकिकतीत हा शब्द आला असला, तरी त्या जिल्ह्यात कॉरोनर कधीच नव्हता. १८७१चा कॉरोनर कायदा मुंबई, कलकत्ता यांसारख्या इलाख्यांच्या राजधान्यांपुरता होता. मुंबईतले हे पद १९९९मध्ये रद्द झाले. सेलू आधी मध्य प्रांतात आणि नंतर १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होते. तेथे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ लागू होते. ठाणे अंमलदाराने दंडाधिकाऱ्याला कळवायचे, प्रेत असेल तेथे जायचे आणि गावातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करायचा, अशी ही रीत. गोळी लागली असेल तर जखम कोठे आहे, किती रुंद आहे, तिच्या कडा काळवंडल्या आहेत का, हे त्यात लिहितात. कडेचा काळेपणा गोळी जवळून झाडल्याची खूण असू शकतो. रिकामे काडतूस मिळाल्यास ते पंचांच्या सह्यांनिशी लाखेने मोहोरबंद करतात. हेच काम आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली चालते.

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर मात्र मृत्यूची अशी चौकशी कॉरोनर व स्थानिक ज्यूरी करत. तिथल्या टूम्बस्टोन गावी २६ ऑक्टोबर १८८१ रोजी गोळीबारात तिघे ठार झाले; ज्यूरीने गोळ्या कोणी झाडल्या ते नोंदवले, त्या कृत्याचा न्याय केला नाही. पंचनामाही दोषी ठरवत नाही. तरीही तो नेटका हवा, कारण प्रेतावर अंत्यसंस्कार झाल्यावर मृताच्या बाजूने बोलणारा तोच पहिला कागद उरतो. — संपा.