नांदूरमध्यमेश्वर : दुष्काळासाठी बांधलेला बंधारा पक्षितीर्थ कसा झाला?

१/१३
हिवाळ्यात निफाड तालुक्यातील चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बीण लावली, की चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कधी क्रौंचांचे थवे दृष्टीस पडतात. हे जलाशय निसर्गानेच घडविले असावे, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ते दुष्काळाच्या धास्तीतून निर्माण झाले. त्याचा हा इतिहास.

२/१३
१८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे मुसळधार पाऊस, तर काही कोसांवरचे सिन्नर-निफाड पर्जन्यछायेत कोरडे, अशी येथील स्थिती. १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला. दुष्काळापासून शेतीचे रक्षण करणारे कालवे, हा त्याच्या विचाराचा एक प्रमुख विषय होता.

३/१३
विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूरमध्यमेश्वर येथे, दगडी बंधारा उभा राहिला. पाणी साठवून ठेवण्यापेक्षा ते डाव्या व उजव्या कालव्यांत वळविणे, हा त्याचा हेतू. १९१६ मध्ये वरच्या अंगाला दारणा धरण पूर्ण झाले आणि कालव्यांना पावसाळ्यानंतरही पाणी मिळू लागले. कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती त्यावर पोसली गेली.

४/१३
अभियंत्याच्या हिशेबात गाळ हा तोटा असतो. येथे तो दरवर्षी साचत गेला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, काठाने लव्हाळी आणि पाणवनस्पती माजल्या. बंधाऱ्याची साठवण घटली. पण उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्यांना नेमकी अशीच जागा हवी असते. एकाचा तोटा तो दुसऱ्याचा लाभ ठरला.

५/१३
पक्षिमित्र या स्थळास ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. ही उपमा डॉ. सलीम अली यांच्या नावाशी जोडली जाते. योगायोग असा, की राजस्थानातील भरतपूरची पाणथळही मानवनिर्मितच आहे. तिचे मूळ अठराव्या शतकातील बांधात आहे.

६/१३
१९८६ मध्ये नांदूरमध्यमेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या या कराराचे मुख्य सूत्र आहे ‘सुज्ञ वापर’. पाणथळीवर उपजीविका करावी, मात्र तिचा जीव राखून.

७/१३
येथूनच कथेचे दुसरे अंग सुरू होते. अभयारण्याला सीमा असते, नदीला नसते. येथे पोहोचणारी गोदावरी आधी नाशिक शहरातून येते. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत, वाढत्या नगराचे सांडपाणी, सिंहस्थाची गर्दी, पुढे द्राक्ष-उसाच्या शेतांतून वाहून येणारी खते : या साऱ्यांचा भार नदी वाहून आणते आणि संथ पाण्यात टाकते.

८/१३
या भाराची उघड खूण म्हणजे पानवेली. सांडपाणी व खतांतील नत्र-स्फुरद मिळाले, की ती झपाट्याने पसरते. तिच्या दाट थराखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. कुजलेल्या वेली पाण्यातील प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात. रामसर नोंदीतही पानवेलीचा उल्लेख या स्थळावरील संकट म्हणूनच आहे.

९/१३
ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. बंगालच्या नद्या-खाड्यांत तिने असा उच्छाद मांडला, की १९३६ मध्ये तेथे ती काढून टाकण्याची सक्ती करणारा कायदा करावा लागला. मोहिमा झाल्या, ढीग उपसले गेले; तरी तिचे उच्चाटन झाले नाही. केवळ उपटणे हा उपाय अपुरा आहे, हे तेव्हाच दिसले होते.

१०/१३
पाणी बिघडले तर पक्षी उडून जाईल. मासा कोठे जाणार? नाशिकजवळच्या देवळालीवरून ज्याला इंग्रजी नाव मिळाले, असा एक लहानसा मासा आहे. १९३८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि नांदूरमध्यमेश्वरच्या रामसर नोंदीत त्याचे नाव आहे. थव्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकतात. या माशाला मात्र क्वचितच कोणी ओळखते.

११/१३
म्हणून या पाणथळीचे रक्षण वनखात्याच्या चौकीत पूर्ण होत नाही. ते कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेत, तपोवन-आगरटाकळीच्या शुद्धीकरण केंद्रांत आणि द्राक्षबागेतही ठरते. माती व देठ परीक्षण करून ठिबकातून मोजके खत देणाऱ्या बागायतदाराचा खर्च वाचतो आणि नदीचा भारही हलका होतो. काठावर झाडझाडोरा राखला, तर शेतातून वाहणारी माती व खते तेथेच अडतात.

१२/१३
कायद्यांची वाण नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या स्थानिक संस्थांना समित्या नेमून आपल्या जीवसृष्टीची नोंदवही ठेवण्यास सांगितले आहे. २०१२ मध्ये गोदावरीचे प्रदूषण मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेले. उणीव आहे ती दोन हिशेब एकत्र मांडण्याची. उत्पादन एका वहीत, मेलेले मासे दुसऱ्या वहीत, असे चालले आहे.

१३/१३
बंधारा बांधणाऱ्यांनी पक्ष्यांचा विचार केला नव्हता. तरी पक्षी आले. नदीत घाण सोडणाऱ्यांनीही माशांचा विचार केला नाही. मासे मात्र चालले आहेत. पहिल्या वेळी नकळत भले झाले. दुसऱ्यांदा तसे होण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. सिंहस्थ पुन्हा येतो आहे. नांदूरला गेलात, तर मित्रहो, आकाशातील थवे पाहून झाल्यावर घटकाभर पाण्याकडेही पाहा.