सेंट अँड्र्यूज : भग्न कॅथेड्रल, तीन रस्ते आणि सशांचा खटला

#धागा

१/ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राला टेकून सेंट अँड्र्यूज हे छोटे नगर वसले आहे. लॉर्ड्स जशी क्रिकेटची पंढरी, तसे हे गोल्फचे. मात्र गोल्फपटूंच्या कितीतरी शतके आधी येथे खरोखरीचे वारकरी येत असत, आणि तेही एका संताच्या अस्थींच्या दर्शनाला. तीर्थक्षेत्र, विद्यापीठ, रणभूमी, उजाड गाव आणि पुन्हा तीर्थक्षेत्र असा या नगराचा प्रवास आहे.

२/ गावाला आज रेल्वे नाही. ती १९६९ साली बंद झाली. प्रवासी लूकर्स स्थानकावर उतरतो आणि बसने गावात येतो. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट व साउथ स्ट्रीट या तिन्ही मुख्य रस्त्यांनी पूर्वेकडे चालत राहिले, की ते एकमेकांजवळ येत येत कॅथेड्रलपाशी पोचतात. हा योगायोग नव्हे. बाराव्या शतकात आखलेले हे नगर देवळाकडे तोंड करून उभे आहे. यात्रेकरूंचा लोंढा आत यावा, दर्शन घ्यावे आणि बाजारातून परतावा, अशी ती रचना होती. आपल्याकडच्या क्षेत्राच्या गावांतील देवळाची वाट आणि दुतर्फा दुकाने आठवली, की नकाशा लगेच उमगतो.

३/ आख्यायिका अशी : ग्रीसमधील पात्रास येथे येशूच्या अँड्र्यू या शिष्याच्या अस्थी होत्या. त्यांतील गुडघ्याची वाटी, दंडाचे हाड, तीन बोटे व एक दात घेऊन संत रेग्युलस निघाला आणि त्याचे गलबत या किनाऱ्याला लागले. अभ्यासकांना अधिक संभाव्य वाटते ते असे, की हे अवशेष आठव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील हेक्सहॅमच्या मठातून आले असावेत. अस्थी कोठूनही आलेल्या असोत, त्यांनी किलरिमाँट या जुन्या वस्तीचे नाव पुसले आणि अँड्र्यूला स्कॉटलंडचा कुलसंत केले.

४/ कॅथेड्रलचे काम ११५८ साली सुरू झाले आणि १३१८ साली रॉबर्ट द ब्रूस या राजाच्या उपस्थितीत त्याचे विधिवत अर्पण झाले. एकशेसाठ वर्षे! लांबी सुमारे ११९ मीटर. स्कॉटलंडमध्ये एवढे मोठे चर्च दुसरे नव्हते. आज उरले आहे ते पूर्वेचे व पश्चिमेचे टोक, दक्षिणेकडील भिंतीचा काही भाग आणि मधोमध हिरवळ. शेजारचा सुमारे ३३ मीटर उंचीचा सेंट रूल मनोरा कॅथेड्रलहूनही जुना. त्याच्या चक्राकार जिन्याने वर गेले, की नगर, बंदर आणि पश्चिमेकडील वाळूचा पट्टा एका दृष्टिक्षेपात दिसतो.

५/ आता विद्यापीठ. त्याचा जन्म ज्ञानपिपासेइतकाच राजकीय अडचणीतून झाला. त्या काळी युरोपात एकाच वेळी एकाहून अधिक पोप होते. स्कॉटलंड तेराव्या बेनेडिक्टच्या बाजूने राहिले, तर फ्रान्सने त्याची साथ सोडली. त्यामुळे स्कॉट विद्यार्थ्यांना पॅरिस अवघड झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिज तर शत्रूच्या देशातले, शिवाय इंग्लंडचा पोपही वेगळा. मुलांनी जायचे कोठे? १४१० साली येथेच अध्यापन सुरू झाले, बिशप हेन्री वॉर्डलॉने सनद दिली आणि १४१३ साली बेनेडिक्टने स्पेनच्या किनाऱ्यावरील पेनिस्कोला येथून मान्यतेची आज्ञापत्रे काढली. ती फेब्रुवारी १४१४ मध्ये पोचली, तेव्हा गावभर घंटा वाजल्या.

गंमत अशी, की पुढे चर्चने बेनेडिक्टला खरा पोप मानलेच नाही. ज्याच्या सहीने स्कॉटलंडचे सर्वांत जुने विद्यापीठ उभे राहिले, त्याचे स्वतःचे पद मात्र इतिहासात नामंजूर ठरले.

६/ नॉर्थ स्ट्रीटवर सेंट साल्व्हेटर महाविद्यालयाच्या दारासमोर फरसबंदीत दोन इंग्रजी अक्षरे बसवलेली आहेत : पी आणि एच. विद्यार्थी त्यांवर चुकूनही पाय देत नाहीत. दिला तर परीक्षेत नापास होणार, अशी समजूत. त्यावर उताराही आहे : १ मेच्या पहाटे समुद्राच्या थंडगार पाण्यात बुडी मारायची. पाहुण्यांना हे सारे मौजेचे वाटते. ती अक्षरे ज्याची आहेत, त्याची कथा मौजेची नाही.

७/ पॅट्रिक हॅमिल्टन हा राजघराण्याच्या नात्यातला तरुण, वय चोविसाच्या आसपास. युरोपात शिकून, ल्यूथरचे विचार घेऊन तो परतला. ‘मनुष्य श्रद्धेने तरतो, कर्मकांडाने नव्हे’ हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. २९ फेब्रुवारी १५२८ रोजी, जेथे आज ती अक्षरे आहेत तेथे, त्याला जिवंत जाळण्यात आले. आग नीट पेटेना; हे सारे सहा तास चालले असे सांगतात. धर्मसत्तेला दहशत बसवायची होती. घडले उलटेच. एका उमद्या विद्वानाला इतक्या रेंगाळत मरताना गावाने पाहिले आणि ‘हा असे बोलला तरी काय?’ हा प्रश्न घरोघर गेला.

८/ पुढचा अंक किल्ल्यावर. कॅथेड्रलपासून काही मिनिटांच्या अंतरावर, समुद्राच्या कड्यावर आर्चबिशपचा किल्ला होता. धर्मगुरूला किल्ला कशाला, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नसे. १ मार्च १५४६ रोजी कार्डिनल डेव्हिड बीटनने जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट उपदेशकाला किल्ल्यासमोर जाळवले. तीन महिने उलटण्यापूर्वीच, २९ मे रोजी, काही सरदार किल्ल्याच्या डागडुजीसाठी आलेल्या गवंड्यांमध्ये मिसळून आत शिरले. त्यांनी बीटनला ठार केले आणि गावकऱ्यांना दिसावे म्हणून प्रेत बाहेर लटकावले. नंतर ते मिठात घालून किल्ल्याच्या बाटलीच्या आकाराच्या अंधारकोठडीत ठेवण्यात आले.

९/ मग वेढा. सरकारी सैन्याने खडक फोडून तटाखालून भुयार खणायला घेतले : प्रशस्त, उभ्याने चालता येईल असे. आतल्यांनी आवाजाच्या रोखाने प्रतिभुयार खणले. एकदा अंदाज चुकला, पुन्हा चुकला, आणि अखेर ते बरोबर शत्रूच्या भुयारात जाऊन भिडले. हे प्रतिभुयार अरुंद, बुटके, वेडेवाकडे आहे. दगडावर घाईचे घाव दिसतात. दोन्ही भुयारे आज पाहता येतात. मध्ययुगीन सुरुंगयुद्ध म्हणजे काय, हे एखाद्या ग्रंथापेक्षा त्या भुयारात ओणवे होऊन शिरल्यावर अधिक कळते. या गावी येऊन केवळ गोल्फचे मैदान पाहून परतणाऱ्यांची खरोखर कीव वाटावी.

१०/ वेढ्यात अडकलेल्यांना १५४७ साली जॉन नॉक्स हा उपदेशक येऊन मिळाला. जुलैअखेर फ्रेंच आरमाराच्या तोफांनी किल्ला पडला आणि नॉक्सच्या वाट्याला फ्रेंच गलबतावर वल्ही मारण्याची गुलामी आली. तो सुटला, परतला आणि जून १५५९ मध्ये याच गावच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याने प्रवचने दिली. त्या आवेशात कॅथेड्रलमधील मूर्ती, वेदी, अलंकार उद्ध्वस्त झाले. संताच्या अस्थीही तेव्हाच नाहीशा झाल्या.

इमारत मात्र एका दिवसात पडलेली नाही. तिचा वाली उरला नाही, एवढेच. छप्पर गेले, भिंती ढासळल्या आणि पुढची कित्येक दशके गावकऱ्यांनी तेथून घडीव दगड वाहून नेले. आज साउथ स्ट्रीटवरील जुन्या घरांच्या भिंतींत कॅथेड्रल विखुरलेले आहे.

११/ तीर्थ गेले तसे यात्रेकरू गेले; आर्चबिशप गेला तसा दरबार गेला. १६९७ साली विद्यापीठच पर्थ शहरात हलवण्याचा घाट घातला गेला होता. १७४७ साली पटाअभावी व पैशाअभावी दोन महाविद्यालये एकत्र करावी लागली. १७७३ साली इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन येथे आला, तेव्हा त्याला दिसले ते झिजत चाललेले गाव. या उतरत्या काळात गावाकडे एकच गोष्ट निर्वेध उरली होती, आणि तिच्याकडे त्याचे लक्षही गेले नाही : समुद्रकाठची वाळू.

१२/ समुद्राची पुळण आणि पिकाऊ जमीन यांच्यामधला वालुकामय, गवताळ, उंचसखल पट्टा म्हणजे ‘लिंक्स’. नांगर चालत नाही, पीक येत नाही. म्हणून ती सर्वांची. मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत, आणि लोक काठीने चेंडू टोलवत. हे वेड इतके, की १४५७ साली दुसऱ्या जेम्सच्या संसदेने गोल्फ व फुटबॉलवर बंदी घातली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा, ही अपेक्षा. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टनने एक सनद दिली : लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा त्याला, पण तेथे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क गावकऱ्यांचा. हा आर्चबिशप पुढे १५७१ साली फासावर गेला. त्याची सनद टिकली.

१३/ १७५४ साली बावीस सरदार-प्रतिष्ठितांनी येथे गोल्फमंडळ स्थापले. १८३४ साली राजा चौथ्या विल्यमच्या कृपेने ते ‘रॉयल अँड एन्शंट’ झाले. गोल्फमध्ये अठराच गुंतवळी, म्हणजे ‘होल’, का? उत्तर येथेच. खेळाडू समुद्राकाठाने जात आणि त्याच वाटेने परतत. फेरी बावीस होलची होई. १७६४ साली सुरुवातीचे चार होल जोडून दोन केले. जाता-येता दोन्ही वेळा ते लागत, म्हणून बावीसचे अठरा झाले. यामागे कोणतेही गूढ शास्त्र नाही. जाणारे आणि येणारे एकाच हिरवळीवर चेंडू घालतात, ही रीत जुन्या मैदानावर अजून आहे. तेथे सात जोडहिरवळी आहेत.

१४/ आणि आता सशांचा खटला, ज्यात या गावाचे नशीब पणाला लागले. १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने लिंक्स विकून टाकली. करारात गोल्फचा हक्क राखलेला होता. पण कागदावरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क यांत अंतर असते. दोन वर्षांत जमीन डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि त्यांनी मांस व कातड्यासाठी तेथे ससे सोडले. सशांनी बिळे पाडली. मैदानाची चाळण झाली. गोल्फवाले न्यायालयात गेले. १८०५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सशांचा नाश करण्याची मुभा मिळाली. मग कज्जा लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत रंगला. वाळूत ससे मारणारे एकीकडे, त्यांना अडवणारे दुसरीकडे, अशी अनेक वर्षे गेली. अखेर १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने लिंक्स विकत घेतली आणि ससे हटले.

१५/ तरीही जमीन खासगीच होती. १८९४ साली संसदेच्या कायद्याने ती पुन्हा नगराची झाली. १९७४ पासून, तेही कायद्यानेच, एक न्यास तिचा कारभार पाहतो. म्हणून जगातले सर्वांत नामांकित गोल्फमैदान कोण्या क्लबच्या मालकीचे नाही. तेथील खेळाच्या बऱ्याच वेळा सोडत काढून वाटतात. गावकऱ्यांना सवलतीत खेळता येते. रविवारी जुने मैदान खेळाला बंद असते आणि लोक मुलाबाळांसह, कुत्र्यांसह त्यावरून हिंडतात. ज्या गावाने कॅथेड्रलचे दगड वाटून घेतले, त्याच गावाने वाळूचा पट्टा शंभर वर्षे झगडून परत मिळवला, हा विरोधाभास मोठा बोलका आहे.

१६/ कॅथेड्रलच्या आवारातल्या स्मशानात गोल्फपटूंची सर्वाधिक गर्दी होते ती मॉरिस पितापुत्रांच्या थडग्यांपाशी. थोरला टॉम मॉरिस (१८२१–१९०८) मैदानाचा राखणदार आणि ‘ओपन’ स्पर्धेचा चार वेळचा विजेता. धाकटा टॉमही चार वेळा जिंकला. सलग तीन वर्षे जिंकल्यामुळे विजेत्याचा पट्टाच त्याला देऊन टाकावा लागला आणि १८७१ साली स्पर्धा झालीच नाही. १८७५ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी बाळंतपणात गेली. त्याच नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी, तोही गेला. बाप त्यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक जगला.

१७/ हिंदुस्थानशी या गावाचे नाते दोन ठिकाणी ठळक दिसते. साउथ स्ट्रीटवर २०२१ पर्यंत भरणाऱ्या शाळेचे नाव चक्क ‘मद्रास कॉलेज’. तिचा संस्थापक अँड्र्यू बेल याच गावचा, न्हाव्याचा मुलगा. मद्रासच्या अनाथाश्रमात तो मुख्य होता, तेव्हा जवळच्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्याकडच्या धुळाक्षरांसारखाच तो प्रकार. पाटी-कागदाचा खर्च नाही. त्यातून, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याच्या रीतीतून, त्याने ‘मद्रास पद्धत’ बेतली. १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि ती ब्रिटनभर पसरली. १८३२ साली तो वारला. त्याच्या पैशातून ही शाळा उभी राहिली. पंतोजींच्या शाळेतली रीत स्कॉटलंडला जाऊन ‘नवी पद्धत’ ठरली, ती अशी.

१८/ दुसरे नाते थेट कोकणाशी. १८२० च्या दशकात येथे टॉमस चाल्मर्स नीतिशास्त्र शिकवत. त्यांच्या प्रभावातले काही विद्यार्थी मिशनरी झाले. अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेले. रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईस उतरले आणि हर्णै-बाणकोटच्या बाजूला राहून मराठी शिकले. त्यांच्या मराठी वक्तृत्वाची वाखाणणी झाली. १८४३ साली त्यांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाला बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहू लागला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळवला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नेस्बिट १८५५ साली मुंबईतच वारले. ज्या गावात हॅमिल्टनला श्रद्धेपायी जाळले, तेथे शिकलेल्या या माणसाला परतीचा प्रवास घडला नाही.