एचआयव्ही उपचार, महाराष्ट्रातील

एचआयव्ही या विषाणूमुळे शरीराची रोगप्रतिकारक्षमता क्रमाक्रमाने ढासळते. या संसर्गाची अखेरची अवस्था म्हणजे एड्स. विषाणू शरीरातून समूळ नाहीसा करणारे औषध सर्वसाधारण वापरात नाही; तथापि विषाणुरोधक औषधे आयुष्यभर नियमित घेतल्यास त्याची वाढ रोखता येते. ही औषधे स्वस्त करण्याच्या कार्यात महाराष्ट्रातील उद्योगाचा वाटा मोठा आहे; मात्र येथील गरीब रुग्णांपर्यंत ती पोहोचण्यास विलंब लागला.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आरंभी शासकीय कार्याचा भर प्रतिबंधावर होता. १९९६ पासून तीन औषधांच्या एकत्रित उपचारामुळे पाश्चात्त्य देशांतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. परंतु त्याचा खर्च दर रुग्णामागे वर्षाला सु. १०,००० ते १५,००० डॉलर होता.

भारताच्या १९७० च्या एकस्व (पेटंट) अधिनियमानुसार औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेस एकस्व मिळे, प्रत्यक्ष औषधास नव्हे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनविणे, तसेच निरनिराळ्या कंपन्यांची औषधे एकाच गोळीत आणणे येथील उत्पादकांना शक्य झाले. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे (स्थापना १९३५) प्रमुख युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संघटनेस वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्यानंतर जगभर किमती उतरत गेल्या. या कंपनीचा एक कारखाना पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे आहे.

भारतात शासकीय मोफत उपचारास मात्र १ एप्रिल २००४ रोजी आठ रुग्णालयांतून प्रारंभ झाला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. तोवर बहुतेक रुग्णांना औषधे विकत घ्यावी लागत. किंमत उतरली, तरी अंतर, रोजगार बुडणे व लोकनिंदेची भीती हे अडसर राहिले. शिरूर तालुक्यातील रांजणगावसारख्या औद्योगिक गावी परगावाहून आलेल्या कामगारास मोठ्या शहरातील रुग्णालयाच्या फेऱ्या म्हणजे दर वेळी एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो. म्हणून पुढे उपचार केंद्रांची संख्या वाढविण्यात आली व त्यांना जोडलेल्या उपकेंद्रांतून औषधवाटप होऊ लागले.

प्रारंभी सीडी४ पेशींची संख्या दर घन मिमी. रक्तात २०० हून कमी झाल्यावरच उपचार सुरू करीत. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने शिथिल होऊन २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्याच वर्षीच्या कायद्याने (अंमल १० सप्टेंबर २०१८) नोकरी, शिक्षण व वैद्यकीय सेवा यांत रुग्णांशी भेदभाव करण्यास मनाई केली. औषध स्वस्त होणे ही उपचाराची पहिली अट होय. ते रुग्णाला घराजवळ व निर्भयपणे मिळणे ही तितकीच आवश्यक दुसरी अट आहे.