वांदा टेसेलॅटा

(रास्ना, कुल : आमर, म्हणजेच ऑर्किडेसी.) खानदेशात सातपुड्याच्या पानझडी जंगलांत जुन्या झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणारे रानटी आमर. पाने जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली, टोकाशी कुरतडल्यासारखी. हवेत लोंबणारी मुळे कोरडी असताना पांढुरकी दिसतात, सर आली की काही वेळातच हिरवट होतात; वरचे सच्छिद्र आवरण पाणी शोषून घेते. बांडगुळासारखे हे झाडाचा रस ओढत नाही, त्याला फक्त आधार लागतो. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत सुगंधी फुले येतात. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी रेषांची चौकट आणि मध्ये जांभळट ओठ, असे हे फूल एकदा जवळून पाहिले की पुन्हा ओळखायला अडचण पडत नाही.

नाव मात्र सहजी ठरले नाही. विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात त्याला ‘एपिडेंड्रम टेसेलॅटम’ म्हटले. टेसेलॅटम म्हणजे चौकटीचौकटींचे. झाडावर वाढणारी कितीतरी आमरे त्या काळी एपिडेंड्रम या एकाच प्रजातीत कोंबली जात. 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ‘वांदा’ ही प्रजाती वेगळी काढली. हा शब्द विल्यम जोन्स यांनी संस्कृतातून उचलला होता. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना आपल्याकडे तो पूर्वीपासून लावत. ब्राउन यांनी या जातीला रॉक्सबर्ग यांच्या गौरवार्थ ‘वांदा रॉक्सबर्गाय’ असे नाव दिले. ते अनेक वर्षे छापले गेले. जुन्या पुस्तकांत आजही भेटते. पण नामकरणाच्या नियमांत आधीच्या नावाला अग्रक्रम असतो, म्हणून 1795 चे विशेषण टिकले. वांदा हे नाव स्त्रीलिंगी धरतात, त्यामुळे ‘टेसेलॅटम’चे ‘टेसेलॅटा’ झाले. नावापुढे कंसात रॉक्सबर्ग दिसतात ते मूळ वर्णनाचे श्रेय म्हणून.

अशा नावाची गरज औषधी बाजारात नेमकी कळते. ‘रास्ना’ म्हणून बंगालकडे या आमराची मुळे वापरतात, उत्तरेत प्लुकिया लॅन्सिओलॅटा, तर दक्षिणेत कोष्टकोळिंजनाच्या गटातली आल्पिनिया गलंगा. तिन्हींची कुळे वेगळी. काढ्याच्या पाठात नुसते ‘रास्ना’ लिहिणे म्हणूनच धोक्याचे.

खानदेशात अनोळखी आमर सापडले तर आजही वाट तीच. फुलासह नमुना वाळवून, स्थळ व तारीख लिहून वनस्पतिसंग्रहात ठेवावा आणि ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहावा. जाती खरोखर नवी असेल, तर एक प्रारूप नमुना नेमून तिचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते. पूर्वी ते लॅटिनमध्येच लागे; 1 जानेवारी 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मात्र नमुन्यासाठी अख्खे रोप ओरबाडू नये. एक फुलोरा, एखादे पान व नीट छायाचित्रे पुष्कळदा ओळखीला पुरतात.