पवनविद्युत्, महाराष्ट्रातील

पवनविद्युत्, महाराष्ट्रातील : वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून पवनचक्कीच्या साहाय्याने निर्माण केली जाणारी व सार्वजनिक वीजपुरवठ्यात मिसळणारी विद्युत् शक्ती. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते; वेग दुप्पट झाल्यास शक्ती आठपट होते. म्हणूनच महाराष्ट्रातील पवनविद्युत् काही मोजक्या पठारांवर एकवटलेली आढळते. मार्च २०२५ अखेर भारताची प्रस्थापित क्षमता ५०,००० मेवॅ.च्या पुढे गेली होती. तीत महाराष्ट्राचा वाटा ५,२०० मेवॅ.हून थोडा अधिक असून गुजरात, तमिळनाडू व कर्नाटक यांच्या खालोखाल तो होता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अपारंपरिक ऊर्जासाधनांकडे शासनाचे लक्ष वळले. केंद्र शासनाने १९८२ मध्ये त्यांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९८६ च्या सुमारास गुजरात, तमिळनाडू व महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांवर ५५ किवॅ. क्षमतेच्या पवनचक्क्यांचे प्रायोगिक प्रकल्प उभे राहिले, महाराष्ट्रातील प्रकल्प देवगड (जि. सिंधुदुर्ग) येथे होता. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाचे (महाऊर्जा) कामकाजही जुलै १९८६ मध्ये सुरू झाले.

खरी वाढ मात्र किनारा सोडून सह्याद्रीच्या माथ्यावर झाली. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे ही पठारे समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंचीवर असून नैर्ऋत्य मोसमी वारे तेथे विनाअडथळा वाहतात. १९९८ च्या राज्य धोरणातील विक्रीकर-सवलत आणि प्राप्तिकरात यंत्रसामग्रीच्या घसाऱ्यासाठी मिळणारी भरघोस सूट यांमुळे खाजगी भांडवल या पठारांवर धावून आले. सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज निर्माण करण्यावर नव्हती. त्यामुळे गुंतवणूकदारांपैकी अनेकांना वाऱ्यापेक्षा करात अधिक रस होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने पहिल्या वर्षासाठी प्रतियुनिट ३.५० रु. व पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर ठरवून दिला, तेव्हा उत्पादनालाही मोल आले. त्यानंतर सांगली जिल्ह्यातील ढालगाव, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका व नंदुरबार या भागांत पवनचक्क्यांची संख्या झपाट्याने वाढली.

या शक्तीची मुख्य अडचण ऋतूची आहे. जून ते सप्टेंबर या काळात वारा भरपूर असतो, पण तेव्हा शेतीपंप बहुधा बंद असतात. रब्बी हंगामात पंपांची मागणी चढते, तेव्हा वारा मंदावलेला असतो. वनकुसवड्याच्या पवनचक्क्या कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगास आहेत, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. जलविद्युत् जनित्रे काही मिनिटांत चालू वा बंद करता येतात, त्यामुळे वाऱ्याची लहर सांभाळण्यास ती सर्वांत सोयीची ठरतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे विद्युत् जाल उर्वरित देशाशी जोडले गेले. त्यामुळे एका प्रदेशातील वारा दुसऱ्या प्रदेशाच्या कामी येण्याची वाट मोकळी झाली.

मराठवाड्यातील जालना जिल्हा पवनविद्युतेच्या प्रमुख केंद्रांत मोडत नाही; सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या पठारावर घाटमाथ्यासारखा वारा नाही. तरीही हा विषय त्याला परका नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांना अखंड व स्वस्त वीज लागते. मराठवाड्यातील परळी (जि. बीड) येथील औष्णिक केंद्राला कोळशाइतकीच पाण्याची गरज असते, आणि पाण्याअभावी ते फेब्रुवारी २०१३ मध्ये व पुन्हा जुलै २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरच्या पाण्यावर जगत होते. अशा प्रदेशात पाण्याच्या थेंबाशिवाय निर्माण होणाऱ्या विजेचे मोल केवळ दरावरून ठरविता येत नाही.

पवनचक्क्या ढग पळवून लावतात, हा समज अवर्षणाच्या वर्षांत सातारा, सांगली भागांत पसरला होता. पावसाचे ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात व मोसमी प्रवाहाचा विस्तार शेकडो किमी.चा असतो, तेव्हा या समजाला आधार नाही. मात्र पठाराच्या जीवसृष्टीवर परिणाम होतो, हे खरे आहे. चाळकेवाडी येथील अभ्यासात (प्रसिद्धी २०१८) पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी व त्यामुळे सरड्यांची संख्या अधिक असल्याचे दिसून आले.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय लिलावात दर ३.४६ रु.पर्यंत उतरला आणि ठरीव दरांचे युग संपले. नवी उभारणी मुख्यतः गुजरात व कर्नाटकात गेली. महाराष्ट्राची गती मंदावली. राज्यातील अनेक उत्तम जागा आजही पंचवीस वर्षांपूर्वीच्या लहान यंत्रांनी अडविलेल्या आहेत. त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये जाहीर केले व २०२३ मध्ये सुधारले. परंतु एकेका पठारावर अनेक मालक असल्याने आणि दोन मोठ्या यंत्रांमध्ये बरेच अंतर सोडावे लागत असल्याने हे काम रेंगाळले आहे.