पर्शियन आखातातील मुंबईचे आरमारी पथक (१८२०-१८५६) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा मराठी वाचकाला असलेला परिचय बहुधा आंग्रे प्रकरणापाशीच संपतो. १७५५ साली सुवर्णदुर्ग व १७५६ साली विजयदुर्ग पडला. त्यात पेशव्यांचाही हात होता, हे विसरता येत नाही. मात्र याच 'बॉम्बे मरीन'चे एक लहान पथक १८२० नंतर पर्शियन आखातात कायम ठेवण्यात आले होते. केवळ चाचेगिरीचा बंदोबस्त करणारे पथक एवढीच त्याची ओळख पुरेशी आहे काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

'चाचे' या शब्दाचा प्रवास :
कान्होजी आंग्रे दस्तक न घेणारी जहाजे पकडीत. मराठी राज्याच्या दृष्टीने तो सरखेलांचा अधिकार होता, तर इंग्रजी कागदपत्रांत ती चाचेगिरी ठरली. पुढे हाच शब्द रास-अल्-खैमा येथील कासिमी अरबांना लावण्यात आला. डिसेंबर १८१९ मध्ये मुंबईहून गेलेल्या मोहिमेने रास-अल्-खैमा जिंकले आणि जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरील शेखांशी सामान्य सागरी तह झाला. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल्-कासिमी यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चाचेगिरीचा हा आरोप व्यापारी हेतूने रचलेला असल्याचे प्रतिपादन केले. लेखक त्याच घराण्यातील असल्याने हे मत सावधपणे घ्यावे लागते. जहाजांवर हल्ले झालेच नाहीत, असे म्हणता येत नाही. तथापि आंग्र्यांचे उदाहरण समोर असताना मराठी अभ्यासकाला हे मत सहजासहजी बाजूला सारता येणार नाही.

पथकाचे कार्य :
पथकाचे ठाणे किश्म बेटाच्या पश्चिम टोकावर बासिदू येथे होते. जहाजांची दुरुस्ती, दारूगोळा आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका या सर्वांसाठी मुंबईकडेच पाहावे लागे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर सागवानी जहाजे बांधीत. अशा मोजक्या जहाजांना एवढ्या लांब किनाऱ्यावर बळाने वचक बसविणे अवघड होते. म्हणूनच १८३५ चा करार महत्त्वाचा ठरतो. त्या वर्षी 'एल्फिन्स्टन' या जहाजाने बनी यास टोळीच्या गलबतांचा पराभव केला. त्यानंतर रेसिडेंट हेनेल यांनी शेखांकडून केवळ मोती काढण्याच्या हंगामापुरती युद्धबंदी मान्य करून घेतली. मोत्यांवर सर्वांचेच पोट अवलंबून असल्याने ती टिकली. १८४३ मध्ये ती दहा वर्षांसाठी आणि १८५३ मध्ये कायमची झाली. अर्थात कराराची हमी कंपनीकडे राहिल्याने शेखांच्या सागरी स्वातंत्र्याला मर्यादा पडली, हेही तितकेच खरे.

याच काळात अधिकाऱ्यांनी आखाताचे सर्वेक्षण केले. कॅप्टन ब्रक्स यांचा नौकानयनविषयक वृत्तांत मुंबई सरकारच्या निवडक दफ्तरांत १८५६ साली छापला गेला. त्याच वर्षी हेरातच्या प्रश्नावरून इराणशी युद्ध जाहीर झाले. शांततेच्या काळातील हे लहान पथक आता मुंबईहून आलेल्या मोठ्या ताफ्याचा केवळ एक भाग बनले. १० डिसेंबर १८५६ रोजी बुशहर पडले. ४ मार्च १८५७ रोजी पॅरिस येथे तह झाला; पण त्याची वार्ता आखातात पोहोचण्यापूर्वीच, २६ मार्चला, मोहम्मरा येथे तोफा डागल्या गेल्या.

१८३० पासून 'इंडियन नेव्ही' म्हणविले जाणारे हे आरमार एप्रिल १८६३ मध्ये बरखास्त करण्यात आले आणि आखाताची जबाबदारी ब्रिटिश राजसत्तेच्या आरमाराकडे गेली. युद्धबंदीचे करार मात्र कायम राहिले. १९७१ साली संयुक्त अरब अमिरात अस्तित्वात येईपर्यंत तो किनारा त्या करारांवरूनच ओळखला जात असे.